क्लोज केल्यावरही

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

पोहोचलो बाप्पा एकदाचा जबलपूरला! घमापुरात बेबीताईंकडे वरची खोली मिळाली. ताई मूळच्या वर्ध्याकडच्या, म्हणून मराठी. त्यांच्या पोरी मात्र मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात. आल्याआल्या पोहे पुढ्यात आले. पांढुर्ण्याहून प्रोग्रामर असल्याच्या तोऱ्यात निघालो होतो. ताईंनी विचारलं, म्हणजे आमचा टीव्ही दुरुस्त होईल ना?

नोकरी सदर बाजारात, भय्यासाहेबांच्या दुकानात. फौजी कुटुंबं जुन्या कॅसेटा आणून देतात, भजनं, बारशी, लग्नातली गाणी. त्यांच्या सीडी करायच्या. प्रोग्राम मी लिहायचा.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

प्रोग्राम तयार. बेबीताईंना समजावून सांगितला तो असा: आवाज म्हणजे बाइटची धार. थेट डिस्कवर सोडली तर अडखळते, म्हणून आधी मेमरीतल्या भांड्यात धरायची. भांडं कमी पडलं तर आपोआप मोठं होते. कॅसेट संपली की धार क्लोज करायची आणि सगळं एका दमात डिस्कवर. ताई म्हणाल्या, नमनालाच घडाभर तेल, भाऊ, जेवून घ्या.

शनिवार, ११ नोव्हेंबर

आज आईची कॅसेट लावली. आई जाऊन वर्ष झालं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी भोपाळला शिकायला होतो तेव्हा तिनं चिठ्ठीऐवजी कॅसेट भरून पाठवली होती. शेवटी दटावते, की अंबू, घरून निघताना 'जातो' म्हणत जाऊ नको, अभद्र असते, 'येतो' म्हणावं.

चुलीपाशी पहिल्या भाकरीचा पापुद्रा मलाच द्यायची ते आठवलं. जाम नदीला पूर असताना मला खांद्यावर घेऊन ती पार झाली होती, तेही. दुकानातच ढसाढसा रडलो.

तेवढ्यात टेपनं फीत खाल्ली, तुकडे झाले. नशीब, आवाज मेमरीत पूर्ण आला होता. पण डिस्कवर उतरवला तर फाइलीत नुसती खरखर. तीनदा करून पाहिलं. म्हणजे आई आता फक्त मेमरीत. मशीन बंद झाली की गेली. यूपीएस जोडला, बटनावर चिठ्ठी चिकटवली: बंद करू नये.

सोमवार, १३ नोव्हेंबर

भांडं वाढून राहिलं. मी तर परवाच धार क्लोज केली होती. मेमरीतली धार क्लोज केली काय, न केली काय, नंतरही तिच्यात लिहिता येते; हे मला माहीत होतं. पण लिहून कोण राहिलं?

हेडफोन लावला. आई म्हणाली, जबलपूरला थंडी लय असते, स्वेटर घातला का?

भेदरून हेडफोन काढला, परत लावला. खोटं काहून बोलू, आनंदही झाला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

आई आज भाकरीच्या पापुद्र्याचं सांगत होती. मला काही आठवेना. मागचं पान उलटलं तर माझ्याच हातानं लिहिलेलं!

आता कळलं. ती जे बोलते ते माझ्यातून जाते. तेवढंच तिकडं भांडं वाढते. मशीन बंद केली की थांबंल, पण मग आई दुसऱ्यांदा मरंल. माझ्या हातानं. नाही करत. जाऊ दे काय जायचं ते.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

तिनं पुराची गोष्ट सांगितली. एक बाई, खांद्यावर पोरगा. चांगली होती गोष्ट.

बेबीताईंनी पिठलं आणलं. म्हणाल्या, काहून असे बसून राहता, आईची आठवण येत असंल तर रडून घ्या. रडू येत नाही. पिठल्याला चवही नव्हती, का मलाच लागली नाही—

सोमवार, २० नोव्हेंबर

भय्यासाहेब म्हणाले, मेमरी फुल है भाई, मशीन अटकून राहिली, बंद करके चालू करो. मी नाही म्हटलं. काहून नाही, ते विचारलं त्यांनी.

बटनावर चिठ्ठी आहे. अक्षर माझंच दिसते.

मंगळवार

हेडफोनमध्ये एक बाई बोलते. जेवलास का, विचारते. कोण्या गिऱ्हाइकाची कॅसेट राहिली असंल—

गिऱ्हाईक खोळंबलं आहे. चिठ्ठी काढून टाकली.

बटनावर बोट ठेवलं. बाई मायाळू वाटली, म्हणून उगाच म्हटलं, चला बाई, जातो.

ती घाईनं म्हणाली, जातो नाही रे अंबू, येतो म्ह—