उभ्याने जेवणाऱ्या बाबांना

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे, पण हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

मला मूळव्याध झाली होती. क्रेनच्या केबिनमधून उतरायला वीस मिनिटं लागतात, म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नव्हतो. केवढा हुशार! मग कोठा साफ होईना, कुंथून कुंथून रक्त पडलं, तेव्हा पाचावर धारण बसली.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "लाजेपायी दोन महिने घालवलेत." भरपूर पाणी, भाज्या-फळं, कोमट पाण्यात बसणं आणि मलम, एवढ्यावर उतार पडला. आता बाटली घेऊनच वर चढतो. लागली की उतरतो, मुकादम कितीही ओरडो.

बाबा, तुम्ही बस चालवायचात तेव्हा घरी उभ्यानेच जेवायचात. "दिवसभर बसूनच असतो," म्हणायचात आणि आम्ही हसायचो. परवा आई फोनवर म्हणाली, "हे अजून उभ्यानेच जेवतात." तुम्हाला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

रक्त जातं का? मला सांगू नका हवं तर, पण डॉक्टरांना दाखवा. त्यांना यात नवल काही नसतं.

सुट्टीत येईन, तेव्हा आपण दोघं शेजारी बसून जेवू.

तुमचा,
धाकटा