एका ‘येतो’पायी गळ्यात पडलेले आमरण उपोषण

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय,
जि. रत्नागिरी.

विषय : अर्जदाराने जाहीर न केलेले आमरण उपोषण मागे घेऊ देणेबाबत.

संदर्भ : उपोषणापासून परावृत्त व्हावे, अशी आपल्या कार्यालयाकडून अर्जदारास आलेली नोटीस.

अर्जदार : मन्सूर हुसेन भाटकर, वय सत्तरीपुढे, धंदा पूर्वी मच्छीमारी, हल्ली जाळी सांधणे, रा. दांडेवाडी, नाटेजवळ.

महोदय,

१. अर्जदार अक्षरे शिकला तो साठी उलटल्यावर, गावच्या साक्षरता वर्गात. उशिरा आलेले दात जास्त शिवशिवतात, तशी त्याची गत झाली. आधी एसटीच्या पाट्या वाचून झाल्या, मग औषधांच्या बाटल्या, आणि आता तो मोबाईलवर ‘दर्याकाठ’ हे बातम्यांचे पान वाचतो. हे पान गावातलाच नबील चालवतो. बातमी मासळीच्या भावाची असो की कोणाच्या बारशाची, तिच्याखाली अर्जदाराचे दोन शब्द असतातच. कोणी विचारलेले नसते.

२. आमच्या जेटीवरचा दिवा गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. त्यावर नबीलने मोबाईलवर थेट कार्यक्रम केला. अर्जदार घरी बसून बघत होता. नमाजची वेळ झाली. चारचौघांतून मुकाट्याने उठणे बरे नव्हे, आणि दर्यावरच्या माणसाने ‘जातो’ म्हणणे त्याहून वाईट. म्हणून अर्जदाराने ‘बरं, येतो मी’ असे लिहायला घेतले. एकेक अक्षर शोधण्यात त्याचा बराच वेळ जातो. तेवढ्यात तिकडे नबीलने विचारले, “दिवा लागेपर्यंत जेटीवर आमरण उपोषणाला कोण येतो?” आणि नेमके त्याखाली अर्जदाराचे उत्तर उमटले. नमाज पढून परत येईतो अर्जदार पुढारी झाला होता.

३. अर्जदाराने ताबडतोब लिहिले, ‘मी बसणार नाही.’ लोकांनी लिहिले, ‘चाचांवर दबाव आलाय!’ अर्जदाराने लिहिले, ‘कोणी दाबत नाही.’ लोक म्हणाले, ‘बघा, किती घाबरलेत.’ मग त्याने सगळेच पुसून टाकले, तर पुरावा नष्ट केल्याची बोंब झाली. ‘चाचा किती दिवस टिकतील?’ यावर मतदान निघाले. अर्जदाराला स्वतःची सर्वांत जास्त माहिती असल्याने त्याने ‘एक दिवस’ला मत दिले. तेही सर्वांना दिसते, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे कोणीतरी मुलाच्या लग्नातला त्याचा हारासकट फोटो कापून लावला. तो बघून परगावच्या ओळखीच्यांनी खाली मयतासाठी मागतात ती मगफिरतीची दुआ लिहिली. अर्जदाराने त्यांचे आभार मानले. नबीलला जाब विचारला, तर तो म्हणतो, “चाचा, तुमच्या नकाराला होकारापेक्षा जास्त लोक आले. अजून दोनदा नकार द्या ना!”

४. उपास अर्जदाराला नवा नाही. रमजानचे रोजे तो धरतो. परंतु बायको साबेरा हिचे म्हणणे असे : “अक्रमचे अब्बा, रोज्याला दिवस मावळता मगरिबची बांग झाली की खजूर मिळतो, तरी दुपारपासून तुम्ही घड्याळाला डोळे लावून बसता. आमरणात बांग कोण देणार?”

५. शेवटी अर्जदाराने पानावर विचारले, ‘जेटीवर माझ्या शेजारी कोण बसणार?’ अंगठे पुष्कळ आले. कुवेतहून आले, मुंब्र्याहून आले. चटई घेऊन येतो, असे कोणी लिहिले नाही.

६. येथवर अर्ज लिहून अर्जदार थांबला होता, कारण मुलगा अक्रम होडीवरून आला तो हाताला फडके गुंडाळून. अंधारात होडी जेटीवर आदळली आणि मध्ये त्याची बोटे सापडली. डॉक्टर म्हणतात, बोटे राहतील. हल्ली काठावर कोणीतरी मोबाईलची बत्ती धरून उभे राहते आणि तिच्या अदमासाने होड्या आत येतात. अक्रम म्हणाला, “अब्बा, तुम्ही उपाशी बसू नका. आम्हाला सवय झालीय.” सवय झाली, हे ऐकून अर्जदाराला जेवण गेले नाही.

७. या दिव्यासाठी गावाने रीतसर अर्ज केले, त्यांना उत्तर आले नाही. अर्जदाराच्या चुकीला मात्र शिक्क्यानिशी नोटीस आली. म्हणजे चुकीचीच वाट सरळ दिसते. सबब वरील विषय रद्द समजावा. येत्या सोमवारी सकाळपासून अर्जदार जेटीवर बसत आहे. हे कोणाच्या दबावाखाली नाही आणि पानावरही लिहिलेले नाही. फक्त आपणास कळवले आहे.

८. उपोषण सोडवायला साहेब सरबत घेऊन येतात, अशी रीत आहे. सरबताची तसदी घेऊ नये. कोकमाचे साबेरा घरी करते. आपण वायरमन तेवढा आणावा. शिडी गावात आहे, आणि लवकर आलात तर ती धरण्याइतकी ताकद अर्जदारात असेल.

आपला नम्र व अद्याप जेवूनखाऊन असलेला,

मन्सूर हुसेन भाटकर
(सही स्वतः केली आहे, अंगठा नाही.)

ठिकाण : दांडेवाडी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४