पोरगी बघायला न आलेला पाव्हणा

कुरुंदा, ता. वसमत
चैत्र, १९७३

माझी भाकरी करपत न्हाई. पन्नास वर्सं थापून राहिले, एकदाबी न्हाई. अन् तू पेपरात छापलंस, म्हातारीनं करपलेली भाकरी वाढली. दुष्काळ दाखवायला माझीच भाकरी काळी करायची होती व्हय?

प्रिय अमृतराव,

आलास तेव्हा तुला अहो-जाहो केलं, ते सोयरिकीच्या पाव्हण्याला होतं. पेपरवाल्याला 'तू' चालतं. अक्षराला हसू नको, दुसरी यत्ता झाली अन् शाळा सुटली. एरवी माझी पत्रं नात लिहिते, सिंधू. हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं न्हाई.

राग आहेच, पण त्याहून जास्त मला विचारायचं आहे, हे काम तुमी करता कसं? दोन दिवस आमच्यात राहिलास, वही कुठं ठेवली होतीस? दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सरकार खायला धाडतं ती सुकडी लेकरांना किती अन् मुकादमाच्या म्हशीला किती, हे कामावरच्या भिकाबाईनं बोलता बोलता सांगितलं. ते शब्दाला शब्द बराबर छापलंस. एवढं डोक्यात मावतं? अन् भाजी फक्कड झाली म्हणालास, ते जिभेचं होतं का कामाचं?

एक कबूल करते. पेपरवाला म्हणून आला असतास तर मुकादमानं रस्त्यावरूनच परत लावलं असतं. तुझ्या आधीच्याला लावलंच होतं. तुझं छापून आलं अन् चार दिवसांत तहसीलच्या साहेबाची जीप आली. मुकादमाला कामावरून काढलं. आता लेकरांना ओंजळभर सुकडी मिळते. भिकाबाई तर तुझं नाव काढून काढून सांगते.

मग तू खोटं काय बोललास, ते मी शोधून राहिले. सापडत न्हाई. मुकादमानं विचारलं, पोरगी बघायला आला काय? तू नुसता हसलास. तेवढ्या हसण्यावर वाडीनं तुला पाव्हणा करून टाकलं. परका तरणा माणूस विहिरीला पाणी किती, घरात खाणारी तोंडं किती, कामावर कोण जातं, असं विचारतो तो आमच्याकडं सोयरिकीचाच असतो. म्हणून तर कुणी काही झाकलं न्हाई. सिंधूनं ताट आणलं, चालून दाखवलं, जुन्या पंचांगातलं वाचून दाखवलं. तू खाली मान घालून ऐकलंस. तेव्हा तरी काहून तोंड उघडलं न्हाई?

खोटं मीबी बोलले. अंबाडीची भाजी सिंधूनं केली म्हणाले, केली होती मी. पण असलं खोटं दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तुझं हसू एकट्या तुलाच ठाऊक होतं. तुमच्या धंद्यात काही नेम आहे का, कुठवर हसायचं त्याचा?

पेपर मला सिंधूनंच वाचून दाखवला. तुझ्या नावापाशी थांबली. म्हणाली, आजी, म्हणजे मी नापसंत न्हवते व्हय? मग भाकरीचं आलं तेव्हा पोट धरून हसली.

आता औंढ्याहून चांगलं स्थळ आलं आहे. पोरगं शिकलेलं, सिंधूलाबी पसंत. पण त्याची आई, पंचफुलाबाई, अडून बसली. पहिला पाव्हणा पोरगी बघून गेला अन् उलटून निरोप धाडला न्हाई, तर पोरीत काय खोट दिसली? मी सांगितलं, बाई, तो पेपरवाला होता. तिला वाटतं म्हातारी झाकून राहिली. तुझं हसू माझ्या नातीच्या अंगावर पडलं आहे, ते तूच उचल. पेपरात मात्र छापू नको, पोरीचं नाव तिथं नको. आखाजीच्या आत औंढ्याला पत्र धाड.

दोन दिवस तुला वाढणारी, म्हणून तेवढ्यापुरती तुझीच,
सोजराबाई

तुझ्या पेपरच्या साहेबाकडून लिहून घेऊ नको. पंचफुलाबाईला तूच लिही, अन् सहीखाली धंदा लिही.