शकूची हिरवी साडी आणि माझे माइल्स

मंगळवार, संध्याकाळ. इंदापूर.

चुलतबहीण शकूच्या लग्नाचा बस्ता आज बारामतीत बांधला. आबांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, रोख पैसे माझ्याकडं दिले, क्रेडिट कार्ड मी माझं घासलं. चार कार्डांचे वेलकम बोनस ताडून बघून हे घेतलेलं. ठरलेला खर्च झाला की विमानाचे माइल्स, म्हणजे फुकट तिकिटाचे पॉइंट. कुठं जायचं तेही ठरलेलं न्हाय.

बोनसला थोडाच खर्च कमी पडत होता. शकूनं हिरवी साडी छातीशी धरली होती. मीच म्हणालो, "ती महागातली जांभळी घे."

आबा म्हणाले, "घे गं, पोरगं जग फिरलंय."

तिनं हिरवीची घडी घातली, हळूच. माझा खर्च पुरा झाला.

गाडीत तिनं विचारलं, "दादा, जांभळी खरंच शोभती का रं मला?"

"व्हय," म्हणालो. हिरवी शोभत होती. जांभळीत तर तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं.