पिवळी रेघ

भिंगार,
शनिवार, संध्याकाळ

प्रिय जयमाला,

उद्याच्या शर्यतीसाठी अंगणात काढलेल्या बोटीच्या ताडपत्रीचं टोक वर करून मी आत हात घातला, चाचपडत नटावर अंगठा फिरवला, आणि परत तेच. इंजिन खाली. तू ओट्यावर बसून हेल्मेटची काच पुसत होतीस. मान वर करून पाहिलंस. मी म्हणालो, ताडपत्री भिजली की काय बघतोय. तू म्हणालीस, "आबा, पाऊस कुठंय?" मी हात काढून घेतला आणि घरात आलो. मग आणखी एकदा बाहेर जाऊन आलो, आणि आता हे लिहितो आहे. बाहेर तू परत तीच काच पुसते आहेस. मला इथून दिसतं.

समोर बसून बोलता आलं असतं. पण आपण समोरासमोर बसलो की तू हसतेस आणि मी इंजिनावर येतो. तू नाशिकला शिकायला होतीस तेव्हा फोन असूनही मी पत्रं लिहायचो. तू म्हणायचीस, कागदावर तुम्ही वेगळेच असता. त्या भरवशावर लिहितो.

पहिल्यांदा मला संशय आला तो दिवाळीनंतरच्या चाचणीत. मुळा धरणाचं पाणी सपाट होतं. तू बोट सोडलीस आणि मी काठावर डोळे मिटून उभा राहिलो. मी बोट बघत नाही, ऐकतो. इंजिन वर बसवलेलं असलं की पंखा जेमतेम पाण्यात राहतो आणि आवाज बारीक होत जातो, शिट्टीसारखा. त्या दिवशी तो बारीक झालाच नाही. जड राहिला. बोट पळत होती, पण पाण्यावरून उठत नव्हती. आपला फायबरवाला आसारामही माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "दादा, आज ही चिखलात चालल्यावानी चाललीय." घरी येऊन पाहिलं तर इंजिन वर-खाली करायची सरकती पट्टी बोटभर खाली आलेली. नटावरची पिवळी रेघ अर्धी नटावर राहिली होती, बाकीची अर्धी वर, मागच्या न हलणाऱ्या पट्टीवर, एकटी.

ही रेघ म्हणजे माझ्या नोकरीतलं उरलेलं एकमेव काम. वर्कशॉपमध्ये आम्हाला शिस्त होती. नट आवळला की त्यावरून लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ अखंड असली तर नट जागचा हललेला नाही. कुणाला विचारायला नको, कुणावर विश्वास ठेवायला नको. मी निवृत्त झालो, पण घरातल्या पंख्याच्या नटावरसुद्धा रेघ आहे. तुझी आई म्हणते, माझ्या कपाळावर एक ओढा म्हणजे मीही हलायची नाही.

त्या रात्री जेवताना मी सांगितलं की इंजिनाला कुणीतरी हात लावला. आई म्हणाली, उंदीर असेल. तू म्हणालीस, "आबा, तुम्हीच खाली केलं असेल आणि विसरला असाल." मला ते खरं वाटलं. वय झालं की माणूस असं पटकन मान्य करतो. मी पट्टी वर घेतली, नट आवळले, नवी रेघ ओढली. पुढच्या चाचणीला आवाज परत जड. या वेळी मात्र रेघ तुटलेली नव्हती. जुना रंग रॉकेलनं पुसून, इंजिन खाली घेऊन, कुणीतरी नवी रेघ ओढून ठेवली होती. अखंड. मला वाटलं, काय हुशार चोर आहे.

मग मी माणसं मोजायला लागलो. शिर्डीचा श्रीमंत पहिला. त्याचं कारण माझ्याकडे तयारच होतं. आपली बोट तिथं त्याच्या हॉटेलच्या दारात पालथी पडलेली, मग कुणीतरी सरळ केली आणि तिच्यात माती भरून झेंडू लावले, ते तुला आठवत असेल. तूच मला हाताला धरून तिथं थांबवलं होतंस. आबा, ही साधी बोट नाही, हिला दोन पाय आहेत बघा. खरंच दोन अणकुचीदार पाय, आणि मधून आरपार बोगदा. मी त्याचा जनरेटर चालू करून दिला आणि त्यानं बोट दिली, वर झेंडूचा हारही घातला. माती काढताना तिच्या पोटातून गोगलगायी निघाल्या. कुजलेली फळी बदलायला आसाराम आला, त्यानं फायबर चढवलं, तू पालथी पडून बोगदा घासलास, केसांत पांढरी भुकटी, आई म्हणाली पोरगी म्हातारी होऊन आली. इंजिन आपण भिंगारच्याच जुन्या बाजारातून आणलं. आणि पहिल्याच वर्षी शर्यतीत ती हवा पोटात घेऊन पाण्यावरून उठली तेव्हा श्रीमंत काठावर होता. त्याचं तोंड मी पाहिलं. दुसऱ्या वर्षी त्यानं नवी बोट मागवली. दारातली बोट आपल्याला हरवते हे ज्याला रोज आठवतं, त्याचा हात माझ्या इंजिनापर्यंत पोचणार नाही, असं मी कसं समजू?

पण त्याचा हात भिंगारपर्यंत पोचवणारं कुणीतरी हवं. राहुरीला चहाच्या टपरीवर मी आसारामला पाहिलं. श्रीमंतचा ड्रायव्हर त्याच्यासमोर बसलेला. दोघं हसत होते. मी गाडी थांबवली नाही. घरी येऊन बोटीच्या शेडचं कुलूप बदललं. तरी इंजिन खाली आलं. कुलूप न तोडता. नव्या किल्ल्या तीन होत्या. एक माझ्याकडे, एक घरातल्या खिळ्यावर, आणि एक आसारामकडे, कारण फायबरचं काम करायला तो आपण नसतानाही येतो. घरातल्या खिळ्याचा मी विचारच केला नाही.

परवा तू कामावर असताना मी त्याला बोलावलं. किल्ली मागितली. त्यानं खिशातून काढून दिली, का म्हणून विचारलं नाही. मग मीच सगळं बोललो, चहासकट. तो बोटीवर हात ठेवून ऐकत राहिला. म्हणाला, "दादा, त्यो ड्रायव्हर माझ्या मेव्हणीचा नवरा हाय. त्याच्यासंगं च्या प्यायला तुमची परवानगी लागंल व्हय?" मी म्हणालो, मग इंजिन कोण खाली घेतं? तर तो म्हणाला, "तुमी डोकं चालवा जरा. वैरी आसता तर त्यानं इंजिन वर घेतलं आसतं. अजून वर. म्हंजी पोरगी उजनीवानी परत उलटली आसती. खाली कोन घेईल? जेला वाटतं ही बोट उडू नये, त्यो." चप्पल घातली आणि गेला. शर्यतीला येणार नाही म्हणाला. फाटकातून वळून मात्र ओरडला, की बोटीच्या डाव्या पायाचं टोक परवा घासलंय, वाळू लागू देऊ नका.

त्याचं म्हणणं मोडता येईना. मग संशय तुझ्या आईवर गेला. उजनीनंतर तिनं बोटीकडे पाठ फिरवली आहे, शेडमधली तुरीची पोतीसुद्धा तिनं उचलून नेली. मी तिला विचारलं. सरळ. ती भाकरी थापत होती. "मला तो नट कुठं असतो तेबी माहीत न्हाई," म्हणाली. "मला तिला हळू करायची असती ना, तर मी पाटाच दिला असता टाकून तिच्यात. वरवंट्यासकट." मग हात थांबवून म्हणाली, "तुमचं सगळ्या गावाला विचारून झालं. आता कुणाला विचारायचं राहिलंय?" आणि तव्याकडे वळली. तिला माहीत होतं की काय, हा माझा आणखी एक संशय. तो तसाच राहू दे.

उजनीच्या शर्यतीचं तू कधी बोलली नाहीस. मिरजगावच्या आत्याकडे आपण मुक्कामाला होतो, वारा सुटला होता, आणि शेवटच्या वळणानंतर तू बोट मोकळी सोडलीस. नाक उचललं गेलं. आणखी उचललं गेलं. बोगद्यात हवा जास्त झाली की बोट पाण्याची राहत नाही. ती मागे उलटी पडली आणि आवाज बंद झाला. तुझ्या पायाला बांधलेली, इंजिन बंद करणारी दोरी सुटून ते बंद पडलं, म्हणजे सगळं शिकवल्याप्रमाणे झालं होतं. तू वर आलीस ती हसतच. "आबा, आभाळ खाली होतं," म्हणालीस. सगळा काठ हसला. तू आत्याकडे दोन घास जास्त जेवलीस. मी समाधानी झालो.

पण त्या दिवसापासूनच्या काही गोष्टी आता मला वेगळ्या दिसतात. चाचणीच्या सकाळी तू चहा घेत नाहीस. पट्टा लावतेस, काढतेस, परत लावतेस. धरणाकडे जाताना टेम्पोत सारखी बोलत असतेस, येताना झोपतेस. मी या साऱ्याला तयारी समजत होतो.

आता आजचं. अंगठा फिरवून घरात आलो, मग तू पाणी भरायला गेलीस तेवढ्यात बॅटरी घेऊन परत गेलो. नवी रेघ नीट पाहिली. इतके दिवस मी रेघ आहे की नाही एवढंच पाहत होतो, ती कशी आहे ते पाहिलं नव्हतं. ब्रश जिथं टेकतो तिथं रंग जाड बसतो आणि जिथं उचलतो तिथं शेपटी निघते. माझी रेघ नटावरून सुरू होते आणि लोखंडावर संपते. ही लोखंडावरून सुरू होऊन नटावर संपलेली. तू शाळेत जायला लागण्याच्या आधीपासून मी स्कूटर उघडून बसलो की तू पलीकडे, माझ्यासमोर बसायचीस. मी आवळायचो आणि तू रेघ ओढायचीस. तुझी रेघ नेहमी माझ्याकडे यायची.

चोर रेघ ओढत नाही, जयमाला. त्याला नट सैल राहिला तर राहिला. ज्यानं इंजिन खाली घेतलं त्याला नट पक्का आहे याची खात्री हवी होती, कारण त्या बोटीत बसायचं त्यालाच होतं. हे मला पहिल्या रेघेलाच कळायला हवं होतं. मी बाकी सगळ्यांवर संशय घेतला. तुझ्यावर घ्यायचं सुचलं नाही, आणि याचा मला अभिमान वाटावा की लाज, हे ठरत नाही.

तू मला सांगितलं का नाहीस, हे मी शोधत बसलो आणि मला काय सापडलं ते लिहितो. मी काठावर डोळे मिटून उभा राहतो. शिट्टी बारीक झाली की माझा चेहरा कसा होतो हे मला दिसत नाही, तुला दिसत असेल. बाकीच्या माणसांना निवृत्तीनंतर देऊळ मिळतं, विहार मिळतो, नातवंडं मिळतात. मला हा आवाज मिळाला. तो तूच मला देतेस. म्हणून तू पट्टी खाली घेतलीस, आणि बसत राहिलीस. तुला बोटीची भीती वाटत असेल तर ते मला चालेल. माझी वाटत असेल तर चालणार नाही.

उद्या शर्यत आहे, म्हणून आजच लिहिणं भाग होतं. तू आंघोळीला जाशील तेव्हा मी सगळ्या नटांवरचा रंग पुसणार आहे. एकही रेघ ठेवणार नाही. पाना, रंगाची बाटली आणि ब्रश बोटीच्या सीटवर असतील, आणि हे पत्र हेल्मेटमध्ये. इंजिन तुला हवं तिथं ठेव. वर, खाली, कुठंही. आवळ आणि खूण कर. मी तपासणार नाही. आणि सकाळी ताडपत्री तशीच बांधलेली दिसली तर मी धरणावर फोन करून सांगेन की इंजिन चालू होत नाही. श्रीमंत वर्षभर हसेल. हसू दे. मग आपण दोघं आसारामकडे जाऊ, माझं त्याच्याकडे काम आहे. कुणाला काही सांगायचं नाही, मलाही नाही. फक्त मला सांभाळण्यासाठी त्या बोटीत बसू नकोस.

तुझाच,
आबा

रविवार. हे पत्र सकाळी माझ्या पान्यांच्या पेटीत परत आलं होतं, म्हणून याच कागदावर लिहून ठेवतो. मी उठलो तेव्हा ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. आसाराम फाटकात मोटारसायकल लावत होता. तूच त्याला फोन केला होतास. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "दादा, आधी टोकाला हात लावून बघू द्या." इंजिन खालीच होतं. नटांवर रेघा होत्या, लाल. तुझ्या नखांच्या रंगाच्या. तू चहा घेतलास. धरणावर श्रीमंतची बोट पहिली आली, तू चौथी. आवाज जड होता. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं. बोट काठाला लागल्यावर तू नटाकडे बोट दाखवलंस. मी वाकून पाहिलं. रेघ अखंड होती.