सुत, ह्रस्व उकारासह

मी, या घराची मालकीण, महाविद्यालयातली निवृत्त शिक्षिका आणि विद्यार्थ्यांच्या वार्षिकांकाची जन्माची संपादक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे सांगितले. कोणाचे दडपण नाही. घाई मात्र आहे, कारण छातीतले दुखणे पूर्वी पाहुण्यासारखे येऊन जाई, आता मुक्कामालाच आले आहे.

१. राहते घर भाचीला. तिने माझे सगळे केले आणि उपकाराची भाषा कधी काढली नाही. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. असे का, ते मला अखेरपर्यंत कळले नाही. तिला कळल्यास प्लंबरलाही सांगावे, तोही विचारत असतो.

२. बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला. त्याला दरवर्षी अंक दिला आणि दरवर्षी तो "छान झालाय" म्हणाला. एकदा बांधणीत निम्मी पाने उलटी लागलेली प्रत मी मुद्दाम त्याच्या हातात ठेवली. तीही छानच झाली होती. राग नाही, पण नोंद असावी.

३. शब्दकोश आणि खिडकीजवळचे मोठे टेबल महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. या टेबलावर आम्ही दोघे अंकाचे साहित्य निवडत असू: मी, आणि गणित शिकवणारे माझे सहकारी, ज्यांना मुले पाठीमागे 'काना-मात्रा' म्हणत. लेखकांची नावे शिपाई आधीच कापून टाकी. मग एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचे, नंतर अदलाबदल. दोघांचा होकार आला तरच छापायचे. बाकीचे 'साभार परत' म्हणून व्हरांड्यात ठेवायचे. ज्याने त्याने आपले अक्षर ओळखून गुपचूप न्यावे.

४. जी वस्तू आपली नाही ती आपण देऊ शकत नाही, असे मसुदा पाहणाऱ्या वकीलबाई सांगतात. म्हणून एका कवितेबद्दल नुसते लिहून ठेवते. ती व्हरांड्यातून कोणीच नेली नाही. कोणाची, तेही कळले नाही. त्यातल्या या ओळी:

आई जन्मभर सुत कातत राहिली,
तुटू नये म्हणून हळूच ओढत राहिली.

मी वाचली तेव्हा काना-मात्रा डोळे मिटूनच म्हणाले, "घेऊ या." मग कागद त्यांच्या हाती गेला. "सूत दीर्घ हवं. चुकलंय हे."

मी म्हटले, "चुकलं कशावरून? सुत म्हणजे मुलगा. आई मुलगा कातते आहे."

"मुलगा कातायला तो काय कापूस आहे?"

'कातला' किंवा 'कातले' असते तर लिंगावरून उलगडा झाला असता; पोराने, किंवा पोरीने, नेमके 'कातत' लिहिलेले. मी दुरुस्त करू देईना, ते तसे छापू देईनात. कविता राहिली. पुढे आम्ही कितीतरी अंक काढले, पण हा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत. चूक होती की मुद्दाम लिहिले होते, हे न कळताच मरायचे, याचे मला फार वाईट वाटते. ती कविता आहे तशी छापली जावी. लिहिणारे माणूस कुठे असेल तर निदान त्याला दिसेल. माझा होकार कायम आहे. दुसरा हवा आहे.

५. साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाईंसोबत काना-मात्रांनाच बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणतात. बरेच झाले; त्यांना काय द्यावे हा प्रश्न मिटला.

पुरवणी. ते आले. न वाचता सही करणे त्यांच्या रक्तात नाही. खुर्ची ओढून, लाल पेन काढून त्यांनी सगळे वाचले आणि दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. तिथे मी शेजारी सही केली आहे. चौथ्या कलमावर पेन थांबले.

"बाई, अजून तिथेच का तुम्ही?"

"तिथेच. आणि तुम्ही?"

त्यांनी लाल पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, "जन्मभर पोरांच्या चुका काढल्या. त्यातली एक सांगा म्हटलं तर सांगता यायची नाही. हा उकार मात्र डोक्यातून जात नाही. चूक असती तर विसरलो असतो."

"म्हणजे मुलगाच कातलाय?"

"ते मला काय माहीत? माहीत नाही, म्हणून तर छापायची."

मला रडू आले. भाची पाणी घेऊन आली, तिला वाटले दुखते आहे. तिला सांगितले की आज काही दुखत नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून सही करत आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: वार्षिकांकासाठी साहित्य देण्याचा शेवटचा दिवस, शुक्रवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार: गणिताचे निवृत्त शिक्षक (सही). कलम ४ मधील 'सुत' कोणीही दुरुस्त करू नये. माझा होकार आहे.