सतापाचा मुकुट

बिर्झाय,
११ मे

प्रिय निजोले,

तुझं पत्र काल मिळालं. इंग्लंडात तुम्ही दोघं खुशाल आहात, वाचून बरं वाटलं. इथे थंडी एकदाची हटली. गुडघा दुखतो, पण परसात वाकता येतं.

आता मुद्द्याचं. झिविलेच्या लग्नात सतापाचा मुकुट नको, असं लिहितेस. कारण काय, तर इंग्रजीत सतापाला 'रू' म्हणतात आणि पस्तावण्यालाही 'रू'च. तुझ्या इंग्रज विहीणबाईंना ते अशुभ वाटेल. कोश उघडायची तसदी तू घेतली नाहीस, मी घेतली. ते दोन वेगळे शब्द आहेत. पस्ताव्याचा इंग्रजांच्या घरचाच, फार जुना. वनस्पतीचं नाव ग्रीकांकडून लॅटिनमध्ये गेलं आणि तिथून फ्रेंचांमार्फत त्यांच्याकडे पोचलं. आपल्या भाषेतली 'रूता'ही त्याच लॅटिन घराण्यातली. एका आडनावाची माणसं नात्यातली असतातच असं नाही. विहीणबाईंना हे नीट सांग. आपल्या लिथुआनियात नवरी सताप माळल्याशिवाय लग्नाला उभी राहत नाही, हेही सांग.

की त्यांचं नाव पुढे करून तुलाच तो नको आहे? कारण मुकुट मी विणणार.

तू कामासाठी तिकडे गेलीस तेव्हा झिविले शाळेतही जात नव्हती. तिचे गोवर, गणित, रुसवे मी काढले. उन्हाळ्यात तू चॉकलेटं घेऊन यायचीस आणि ती "आई" म्हणत फाटकाकडे धावायची. मी आत गार बीटसार ढवळत राहायचे.

परवा शेजारची ओना कुंपणावरून म्हणाली, "दानुते, सताप लग्नाच्या पोरींनी जोपासायचा, तू या वयात खुरपतेस? कोण येणार आहे मागणी घालायला?" भाचीसाठी आहे, असं मी सांगितलं. तर म्हणते, "भाचीला आई आहे की." या आठवड्यात मी तिला अंडी दिली नाहीत.

रविवारी झिविलेचा फोन आला. लग्नाच्या शेवटी मुकुट उतरवून डोक्याला गृहिणीचा रुमाल कोणी बांधायचा, असं मी विचारलं. मान आईचा, हे ठाऊक असूनही विचारलं. ती म्हणाली, "मावशी, आईलाच करू दे. तिला वाटतं, मी तिची नाहीच. मी तुझीच आहे असं वाटतं तिला."

म्हणजे इतकी वर्षं तूही माझ्यावर जळत होतीस. हे मला कधी सुचलंच नव्हतं. खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मी केक कापून खाल्ला.

तेव्हा लग्नाला मी तिकडे येते आहे. सताप ओल्या कापडात गुंडाळून आणीन आणि मुकुट मीच विणीन. त्यावर चर्चा नको. उतरवायला तू उभी राहा. तिच्या डाव्या कानामागे टाके पडले होते, तिथे केस ओढले की अजून दुखतं. तुला माहीत असायचं कारण नाही, म्हणून लिहिते. हात हलका ठेव.

तू रुमाल बांधशील तेव्हा मी मांडवात नसेन. मला बाहेर काहीतरी काम असेल. मला शोधायला कुणाला पाठवू नकोस.

तुझी थोरली,
दानुते